नंदीबैल उजव्या हाताला टाकून

गाडीला ट्रेलर जोडताना नवरा-बायकोने एकमेकांशी बोलू नये, हे मला इतक्या वर्षांत नीट कळलेलं आहे. तरी मी बोलतेच. 'अजून मागे, जरासं मागे, बास म्हटलं ना' असं करत शुक्रवारी सकाळी सनद भागातल्या आमच्या घरासमोर ट्रेलरचा आकडा एकदाचा बसला आणि अविनाश, म्हणजे माझा नवरा, एक शब्द न बोलता स्टिअरिंगवर जाऊन बसला. तंबू, गालिचे, गॅस, पाण्याचे कॅन, सगळं भरलं होतं. भाकऱ्या मी मांडीवर घेतल्या.

थंडी पडली की बहरीनचे लोक बर्रमध्ये (वाळवंटात) जाऊन तंबू ठोकतात. साखिरच्या त्या उजाड माळावर गावंच्या गावं उभी राहतात. आम्हा मराठी मंडळींनाही हा नाद लागला त्याला जमाना झाला. तेव्हा फोनवर फक्त फोन करता यायचा. मग रस्ता कसा सापडणार? तर मी ऑफिसात बसून, साहेबाची नजर चुकवून, मराठीत रस्ता टाइप करायची आणि त्याच्या प्रती घरोघर वाटायची. इंजिनिअर असो, ड्रायव्हर असो, सगळ्यांच्या डॅशबोर्डवर माझा कागद असायचा. मला त्याचा भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू!

यंदाची खेप शेवटची. अविनाश निवृत्त होतोय आणि मार्चमध्ये आम्ही कायमचे कराडला परत चाललोय. आमची लेक सई मात्र इथेच राहणार. ती इथेच जन्मली, ईसा टाउनच्या शाळेत शिकली, आता बँकेत नोकरी करते. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. आम्ही गेल्यावर हिच्या कानावर मराठी पडणार कुठून, आणि आमच्यातलं हिच्यापाशी राहणार काय, या विचाराने मला अलीकडे झोप लागत नाही. म्हणून मी हट्टच धरला होता. आमच्या जुन्या जागी, तिघांनी, एक रात्र राहायचं. दुसरं काही मागणं नव्हतं.

सईने आदल्या दिवशीच फोनवर, आकाशातून काढलेल्या फोटोत, बापाकडून जागा ओळखून घेतली होती आणि तिथे खूण करून ठेवली होती. रिफा शहर मागे पडेपर्यंत फोनमधल्या बाईंनी उत्तम काम केलं. मग त्यांना जवळचा रस्ता सुचला. दोन छावण्यांच्या मधून एक बोळ गेली होती, तिच्यात आम्हाला घातलं आणि बोळीच्या शेवटी निघालं कुणाच्या तरी छावणीचं कुंपण. बाई शांतपणे म्हणत होत्या, सरळ जा. आपल्यामागे शेपूट आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ट्रेलर लावून गाडी मागे घेणं म्हणजे काय, ते ज्याने घेतली त्यालाच ठाऊक. स्टिअरिंग इकडे फिरवलं की ट्रेलर तिकडे जातो. मी खाली उतरून हात हलवत होते. अविनाश म्हणाला की मी हात नेमका कुठल्या बाजूला हलवतेय ते आधी ठरवावं. मी म्हटलं, मग तुम्हीच या बाहेर, मी चालवते. हा संवाद बराच लांबला, सगळा इथे देत नाही. शेवटी बाहेर पडलो तेव्हा तिघांचीही तोंडं तीन दिशांना होती.

मग मी पर्समधून माझा कागद काढला. सईने तोंड वाकडं केलं, पण घेतला. शाळेतल्या हिंदीमुळे तिला अक्षरं येतात. एकेक शब्द जुळवत ती मोठ्याने वाचायला लागली आणि मी मागच्या सीटवर कान टवकारून बसले. माझी वाक्यं माझ्या लेकीच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. काही खुणा गायब झाल्या होत्या, जुन्या टपरीच्या जागी दिव्यांची रांग आली होती. पण तेलाच्या नळांची ओळ होती तशीच होती आणि ती ओलांडल्यावर लांबवर नंदीबैल दिसला.

नंदीबैल म्हणजे तेल उपसणारा पंप. दिवसभर त्याची मान खाली-वर, खाली-वर. आमच्यातल्या कुणीतरी त्याला नंदीबैल म्हटलं आणि तेच नाव पडलं. सई लहानपणापासून त्यालाच नंदीबैल समजत आली. एकदा सुट्टीत कराडला दारात खरा नंदीबैल आला, तर हिने विचारलं, याच्यातून तेल कुठून निघतं?

त्याच आठवणीत मी हसत होते, तेवढ्यात सई ओरडली, "राइट, बाबा, राइट!" अविनाशने बिचाऱ्याने गाडी उजवीकडे वळवली. दोन-चार गाड्यांएवढं अंतर गेलो आणि सगळं भुसभुशीत वाळूत बसलं. ट्रेलरची चाकं तर दिसेनाशीच झाली.

कर्म माझं! मी कागद ओढून घेतला. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, 'नंदीबैल उजव्या हाताला टाकून सरळ जावे.' म्हणजे नंदीबैल आपल्या उजवीकडे ठेवून, न वळता, पुढे जायचं. हे काय सांगावं लागतं? मी तावातावाने तसं म्हटलंही. सईने इंग्रजीत ऐकवलं की उजवीकडे असं लिहिलंय, तिने उजवीकडे वळायला सांगितलं, आणि टाकून म्हणजे तर फेकून. अविनाशला हसू आवरेना. मलाही येत होतं, पण सईचा चेहरा बघून ते जागीच विरलं. तिचे डोळे भरले होते.

"आई," ती मराठीत म्हणाली, "तुम्ही गेल्यावर हे मी कुणाला विचारू?"

इतके दिवस मी एकटीच काळजी करतेय असं धरून चालले होते. मी पुढे वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

धूळ उडवत एक लँड क्रूझर आली. पांढऱ्या थोबमधले (पायघोळ झग्यातले) एक वयस्कर गृहस्थ उतरले, चाकं पाहिली आणि म्हणाले, "मफी मुश्किल" (काही अडचण नाही). आमच्या टायरांची हवा कमी करायला लावली, दोर बांधला आणि 'यल्ला' (चला) म्हणत आम्हाला ओढून काढलं. अविनाशने फोन दाखवला, मी कागद दाखवला. त्यांनी दोन्हींकडे बघितलं नाही. जागेचं वर्णन तोंडीच ऐकलं, समोरच्या टेकाडाकडे हात करून 'सीदा' (सरळ) म्हणाले, खजूर दिले आणि गेले.

जागा होती. शेजारी कुणाच्या जनरेटरची घरघर नवी होती, पण आमचा लांबट उंचवटा तसाच होता, वाऱ्याकडे पाठ करून. तंबू लागला. अविनाशने निखाऱ्यावर साफी (इथली एक लाडकी मासळी) भाजली, मी पिठलं केलं. ऊन उतरत होतं आणि सई कागदावर बोट ठेवून एकेक विचारत होती. वळसा घालून म्हणजे? नाकासमोर म्हणजे? मी वाळूत रेघा मारून दाखवत होते. किती किती संसार इथे पंगतीला बसून जेवले होते! कुणी पुण्याला गेले, कुणी मालवणला, कुणी वर गेले. मला सगळ्यांची फार आठवण आली आणि तरी मी त्या संध्याकाळी सुखात होते.

दुसऱ्या दिवशी परतताना सईने गाडी चालवली, ट्रेलरसकट. अविनाश डोळे मिटून बसला, झोप आली म्हणून नव्हे, भीतीने. घरी आल्यावर आंघोळी झाल्या, चहा झाला. मग सई कोरा कागद आणि पेन घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, कराडचा रस्ता लिहून दे, स्टँडपासून आपल्या घरापर्यंत. मी म्हटलं, फोनमध्ये आहे की. तर म्हणाली, "फोनचा नको. तुझ्यासारखा लिही."

मी मोठ्या ऐटीत पेन उघडलं. 'स्टँडवर उतरून बाहेर यावे' एवढं लिहिलं आणि हात थांबला. दरवर्षी सुट्टीत विमानतळावरून भाड्याची गाडी थेट दारात जाते. स्टँडवरून चालत घरी गेल्याला मला किती वर्षं झाली होती! बाहेर आल्यावर पहिलं वळण डावीकडे घ्यायचं की उजवीकडे, ते मला आठवेना. मी डोळे मिटून पाहिलं, हात हलवून पाहिला. आठवेना म्हणजे आठवेना. सई वाट बघत होती. ज्या गावाला मी कायमची परत निघाले होते, त्याचा रस्ता मला लिहिता येत नव्हता.

मी पेन खाली ठेवलं.

"तू ये," मी तिला म्हटलं. "दोघी मिळून विचारत विचारत जाऊ."