उसवलेलं काज

तिला गल्लीत सगळे काजवाली म्हणत. नवरा शिंपी, सगळ्यांचा मास्तर, आणि तीस वर्षं त्याच्या दुकानातून बाहेर पडलेल्या प्रत्येक सदऱ्याची काजं हिच्या हातची. समोरच्या दुकानात मशीनवर काजं करून मिळायची. "ती काजं नव्हेत, भोकं आहेत," असं ही त्या दुकानदाराच्या तोंडावर सांगायची आणि वर त्याच्याकडूनच सुईची पुडी उसनी आणायची. मास्तर डावरे होते. कात्री डाव्या हातात, सुई डाव्या हातात, भांडताना नाचवायचं बोटही डावंच. डावऱ्या माणसाच्या काजाचे टाके दुसऱ्या अंगाला कलतात. गिऱ्हाइकाला त्यातलं काय कळणार? पण काजवालीला नुसतं बोट फिरवून कळायचं, आणि त्यांच्या एकुलत्या एका लेकीलाही, कारण ती त्याच दुकानातल्या चिंध्यांत खेळून मोठी झाली होती.

लेक लग्न होऊन दोन दिवसांच्या प्रवासाएवढी लांब गेली. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मास्तरांनी जाहीर केलं, की बाळाचे कपडे मीच शिवणार, अगदी काजांसकट. "तू मध्ये लुडबुड करायची नाहीस." काजवालीने गाल फुगवून दाखवले, आणि त्यांना हल्ली बारीक दिसत नाही म्हणून सुईत दोराही ओवून दिला. मग दर महिन्याला एक झबलं टपालाने जाऊ लागलं. पाठीला तीन बटणं, तीन काजं.

लेकीला सहावा महिना लागला आणि मास्तर दुकानात बसल्या जागी गेले. गिऱ्हाईक बाही मापून घ्यायला हात पुढे करून उभं, आणि ह्यांची मान खाली. मांडीवर चौथं झबलं होतं. एक काज पुरं झालेलं, दोन राहिलेली.

लेकीचा रक्तदाब वाढल्यामुळे डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केला होता. जिवाला घोर लावून घेऊ नका, बाळावर परिणाम होतो, असंही बजावलं होतं. काजवालीने त्याच दिवशी जावयाला फोन केला. "तिच्या कानावर जाता कामा नये. बाळंत होईपर्यंत तर नाहीच." जावई कचरला, "आई, हे बरोबर होईल का?" म्हणाला, पण सासूपुढे त्याचं काय चालणार?

लेकीला सांगितलं, की बाबांचा घसा पार बसलाय, डॉक्टरांनी काही महिने बोलायला मनाई केलीय. "गल्लीला केवढं बरं वाटतंय म्हणून सांगू!" असं म्हणून काजवाली फोनवर हसलीसुद्धा. मग फोन ठेवला आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून बसून राहिली.

राहता राहिलं झबलं. ते गेलं नसतं तर लेकीला संशय आला असता. एक काज डाव्या हाताचं आणि दोन उजव्या हाताची, हे तर तिला चटकन दिसलं असतं. काजवालीने डाव्या हाताने करून पाहिलं. सुई बोटात घुसली, दोरा पिळला. शेवटी एका दुपारी तिने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, आणि मास्तरांनी केलेलं ते एक काज टाका टाका करून उसवलं. तिन्ही काजं स्वतःच्या हातची केली. तिन्ही एकसारखी असली की नजर अडकणार नाही, असं तिचं साधं गणित होतं. पुढची दोन झबलीही तिनेच शिवून पाठवली.

नात झाली. महिनाभराने काजवाली स्वतः गेली, लेकीजवळ बसली आणि सगळं सांगितलं. लेकीने ऐकून घेतलं, मान हलवली आणि मुलीला पाजायला घेतलं. डोळ्यांतून टिपूस नाही. सगळे म्हणाले, पोरगी धीराची हो. काजवाली मात्र मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होती. नवरा गेला तो गेला, पण पोटातल्या जिवाला मी झळ लागू दिली नाही. त्या एका गोष्टीच्या आधारावर ती उभी होती, नाहीतर केव्हाच कोसळली असती.

पण नातीचं, छकुलीचं काही ठीक नव्हतं. चमचा पडला तरी तिचं अंग ताठ व्हायचं, मुठी आवळायच्या, आणि मग तास तासभर रडं. झोप म्हणजे नुसत्या डुलक्या. कान तपासले, उत्तम होते. चौदा महिन्यांची झाली तरी कुणी शिंकलं की दचकायची. तेव्हा तिला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काजवालीही बरोबर होती.

बाईंनी छकुलीला खेळवलं, तळपायाला बोट लावून पाहिलं आणि विचारलं, "पोटात असताना आईला काही मोठा मानसिक त्रास झाला होता?"

"छे हो!" काजवालीच पुढे झाली. "माझे यजमान गेले त्या दिवसांत, पण हिला मी ताकास तूर लागू दिली नाही. विचारा की तिला!"

लेक खाली बघत होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

काजवालीला आधी कळेचना.

"चौथं झबलं आलं त्या दिवशीच कळलं. तुझी काजं मी ओळखणार नाही का गं? बाबांनी तुला हात लावू दिला नसता. आणि नुसते आजारी असते, तर तुझ्या फोनमागे त्यांच्या मशीनचा आवाज तरी आला असता, नाहीतर तू त्यांच्या नावाने कुरकुरली असतीस. तू नुसती हसत होतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढा जीव तोडून लपवत होतीस. मी रडले असते तर तूही मोडली असतीस. आणि रडलं की बाळाला त्रास होतो, असं डॉक्टर म्हणायचे. म्हणून नाही रडले. तीन महिने दात आवळून बसले."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, त्या महिन्यांत बाळाचा मेंदू आणि मज्जासंस्था घडत असते. आईच्या शरीरात ताणामुळे जी द्रव्यं वाढतात, त्यातली थोडी बाळापर्यंत पोचतात, आणि काही मुलांना जराजराशा गोष्टीत धोका जाणवायची सवय लागू शकते. लागतेच असं नाही. "हिला त्यामुळेच झालं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. जन्मजात स्वभाव असतो, बाकी दहा कारणं असतात. दोष तर कुणाचाच नाही. आणि अजून लहान आहे, पुष्कळ सुधारेल. जवळ घ्या, रोजचा दिवस एकसारखा ठेवा. आणि आजी, घरात आता मोकळं बोलत जा."

काजवालीने मान डोलावली. ज्याच्यापासून वाचवायला म्हणून हे सगळं केलं, तेच तिने लेकीच्या पदरात टाकलं होतं, आणि वर एकटीने सोसायलाही लावलं होतं.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. छकुली लेकीच्या मांडीवर होती. जावई औषधाच्या खिडकीशी रांगेत होता.

"आई, एक विचारू?" लेक म्हणाली. "ते चौथं झबलं. मी रोज काढून बघायची. एखादा टाका तरी बाबांचा असेल म्हणून बोटाने चाचपायची. त्यांनी त्यातलं काहीच केलं नव्हतं का?"

नव्हतं म्हणणं अगदी सोपं होतं. काजवालीच्या ओठांवर ते आलंही होतं.

"केलं होतं," ती म्हणाली. "एक काज. वरचं."

"मग?"

"मी उसवलं. तुला कळू नये म्हणून."

लेकीने विचारलं, "दोरा?"

"चिंध्यांबरोबर झाडून टाकला."

तेव्हा लेक रडली. दीड वर्षाचं रडणं, भरल्या दवाखान्यात, लहान मुलीसारखं, मोठमोठ्याने. रांगेतली माणसं वळून बघू लागली. छकुलीने अंग ताठ केलं, मुठी आवळल्या आणि तीही किंचाळायला लागली. काजवालीने नातीला उचलून छातीशी धरलं, दुसऱ्या हाताने लेकीचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं, आणि दोघींपैकी कुणालाही गप्प केलं नाही.