सुको ड्रम: पेडणे ते सर्वण

चार वर्षं टाळलेला प्रवास शेवटी ऑगस्टमध्ये केला. "गोव्याला? या पावसात?" शेजारीण हसली. समुद्र बघायला जातंय कोण! माझ्यामुळे एका माणसाची नोकरी गेली होती, ते त्याला तोंडावर सांगायचं होतं.

पुण्याहून बसने सकाळी पेडण्याला उतरले. बाजारात पातळ भाजी आणि गरम पाव; शंभराच्या आत पोट भरतं. इथल्याच एका औषध कारखान्यात मी केमिस्ट होते. आमची अभिक्रिया सॉल्व्हंटच्या, म्हणजे द्रावकाच्या, बाबतीत भारी नखरेल. पाणी नसेल तर झपाट्याने होते आणि नवा तुकडा रेणूच्या ऑक्सिजनला जोडला जातो. पाणी असलं की ते ऑक्सिजनलाच घेरून बसतं. वेग मंदावतो आणि बराच माल शेजारच्या कार्बनला जोडलेला, म्हणजे भलताच, निघतो.

पाणी काढलेल्या सॉल्व्हंटला आम्ही 'सुको', म्हणजे कोकणीत कोरडा, म्हणायचो. राजारामदादा ऑपरेटर म्हणून नवेच लागले होते. मी फोनवर म्हटलं, "सुको ड्रम घ्या," आणि ठेवून दिला. खरा सुको ड्रम नुकताच टेम्पोतून उतरला होता, पावसात चिंब. शेडमध्ये होता पाणी मिसळलेल्या, वापरलेल्या सॉल्व्हंटचा. बाहेरून खडखडीत कोरडा. त्यांनी तोच घेतला. बॅच नासली. अहवालात मी लिहिलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. फोनबद्दल अक्षरही लिहिलं नाही.

पेडण्याहून म्हापसा, तिथे बस बदलून डिचोली. पुढे सर्वणला मोटारसायकलवाला पायलट नेतो. भाडं आधी ठरवा, नाहीतर पाहुणा बघून वाढतं.

दादा मूळचे सावंतवाडीकडचे, आता इथे दुसऱ्याच्या शेतात राबतात. चिखलाचे हात धुऊन समोर बसले. त्यांच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, चहा दिला. मी सगळं सांगून टाकलं. दादांनी कप खाली ठेवला.

"मॅडम, ता औषध कोणाच्या पोटात गेलां नाय मां?"

"नाही हो! तपासणीतच सापडलं. सगळं जाळून टाकलं."

ते मान खाली घालून रडायला लागले.

"चार वर्सां ह्येंका धड झोप नाय," वहिनी म्हणाल्या. "गावात कोण आजारी पडलो तरी इचारतत, खंयची गोळी घेतलेली?"

नोकरीबद्दल दोघं एका शब्दाने बोलले नाहीत. मला स्वतःची किळस आली.

पुण्यात परतल्यावर मैत्रिणीने विचारलं, "माफ केलं का त्यांनी?" मी माफी मागितलीच नाही. बॅच जाळली, हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. दादांचा नंबर तेव्हाही माझ्याकडे होता.