हिराजीनानांची गुणगुणणारी पेटी

थळच्या हिराजीनानांनी पेटी चालू केली की सगळ्यांनी गप्प बसायचं, असा नियम होता. पेटी म्हणजे गिटारचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. काचेचे वॉल्व्ह आणि स्पीकर एकाच लाकडी खोक्यात. जहाजावर नोकरीला असलेल्या मेव्हण्याने आणलेला. नाना मासेमारी सांभाळून हळदींत बेंजो वाजवायचे, तो या पेटीतून. वॉल्व्ह तापायला वेळ लागे. कुणी घाई केली की म्हणत, "दम धर रं! म्हातारी हाय ती, उठंल सावकाश."

नवे स्पीकर भिंती हादरवतात. नानांच्या पेटीतला बेंजो मात्र तव्यावरच्या भाकरीसारखा ऊन ऊन यायचा, कानाला टोचायचा नाही. जोरात छेडला की जरा फाटायचा, आणि त्या फाटण्यावरच मांडव येडा व्हायचा.

मी अलिबागला पंखे-मिक्सर दुरुस्त करतो. मला पेटीत एकच खोट दिसायची, सततची गुणगुण. "नाना, कंडेन्सर गेलेत. बदलू का?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "ऱ्हाऊ दे. तुजं काय खातीय ती?"

नातीची हळद ठरली आणि त्याच सुमारास नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते डोळ्याला पट्टी लावून घरात. सुनेला सांगून मी पेटी गुपचूप उचलली, कंडेन्सर बदलले, जुने भंगारात टाकले. काय खूश होतो मी स्वतःवर!

हळदीला नानांनी बटण दाबलं. वाट बघितली. तारेला बोट लावीनात. "मेली का काय ही?"

मी छाती काढून म्हणालो, "नाना, गुणगुण काढली मी!"

त्यांनी बेंजो माझ्यापुढे धरला. "आनि मी बेंजो लावू कशावर?"

अरे देवा! इतकी वर्षं हा माणूस त्या गुणगुणीवर तारा जुळवत होता आणि मला मेकॅनिकला पत्ता नाही! शेवटी कीबोर्डवाल्याने सूर दिला. नानांनी वाजवलं. नात नाचली, मांडव नाचला, मला एकही चूक ऐकू आली नाही. पण दोन गाण्यांनंतर त्यांनी बेंजो खाली ठेवला, तो कायमचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या घरी डझनभर बांगडे धाडले. मी धावत गेलो, पेटी आणली, कुठून कुठून तसलेच जुने, गेलेले कंडेन्सर मिळवून बसवले. गुणगुण परत आली, सूर अगदी तोच. नानांनी कान लावला. "चांगली केलीस," म्हणाले आणि बटण बंद केलं. आता रागावलेला माणूस बांगडे कशाला धाडील? आणि खूश असलेला वाजवायचं का सोडील? विचारायला माझी जीभ उचलली नाही.

गेल्या पावसाळ्यात नाना गेले. दिवस झाल्यावर सून पेटी घेऊन दुकानात आली. म्हणाली, "बाबा सांगून गेलं, त्यालाच द्या. मनापासून करतो बिचारा."

मला रडूच आलं. ती शाबासकी होती की टोमणा, अजून कळत नाही.