परवेझ नगरीचा आवाज

माझा थोरला भाऊ यशया उर्दू पिक्चरांत काम करायचा. आज मी हे कुणालाही तोंड वर करून सांगतो. ज्या दिवशी सांगायला पाहिजे होतं, त्या दिवशी मात्र सांगितलं नाही. ऐकून मला शिव्या घाला हवं तर. माझी बायको दया अजून घालते.

आमचं गाव पाथर्डीपासून तीन कोसांवर. वडील भिमाजी मिशनच्या बागेत माळी होते. यशया सात वर्षांचा आणि मी चार वर्षांचा असताना गावात देवीची साथ आली आणि आईचे, बनुबाईचे, दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून माणूस म्हणजे तिच्या लेखी त्याचा आवाज, बस्स. आणि यशयाच्या आवाजावर तिचा जीव. रोज दिवेलागणीला तो पवित्र शास्त्र वाचायचा आणि ती तोंड उघडं टाकून ऐकायची. मी पुस्तक हातात घेतलं की म्हणायची, ''ऱ्हाऊ दे रं कृपा. तुझं वाचनं म्हंजी जात्याची घरघर. यशयाला वाचू दे.''

असं एकदा नाही, शंभरदा. लहान पोराला हे लागतं की नाही, तुम्हीच सांगा.

मोठा झाल्यावर यशया भिंगारला दस्तगीर आतारांच्या दुकानात कामाला लागला. दस्तगीरभाईंना उर्दू शेरांचा नाद. अत्तराच्या बाटल्या पुसता पुसता त्यांनी यशयाला उर्दू शिकवली. सुट्टीला घरी आला की हा बाबा पहाटे विहिरीवर उभा राहून घशातून 'ख' आणि 'क' काढत बसायचा. काटा अडकल्यासारखा खाकरायचा नुसता. शेजारची मनकर्णाबाई म्हणायची, ''बनुबाई, पोराला औषध द्या काहीतरी.'' आई हसायची. तिला त्यातला शब्द कळायचा नाही, पण म्हणायची, ''काय गोड बोलतो माझा लेक!''

मग तो मुंबईला गेला. तिथं नाव घेतलं परवेझ नगरी. नाव मोठं, काम मात्र मढ्याचं. लढाईच्या पिक्चरमध्ये पडलेली प्रेतं असतात ना, त्यातलं एक आमचा परवेझ. नाहीतर दरबारात भाला धरून उभा. सहा वर्षं असं बिनबोलाचं काम. महिन्याला पत्र यायचं, 'आई, लवकरच संवाद मिळेल.' ती पत्रं आईला वाचून दाखवायची कुणी? मीच, दुसरं कोण.

एकोणसत्तर साली वडील गेले. मी त्याला तार केली. एक दिवस मढं ठेवलं. उन्हाळ्याचे दिवस, जास्त ठेवता येईना. शेवटी माती उरकली. हा शहाणा आठव्या दिवशी उगवला. आईनं विचारलं, ''तार कवा मिळाली?''

तार उशिरा मिळाली म्हणाला असता तर सुटला असता. पण नाही! म्हणाला, ''त्याच दिवशी सकाळी मिळाली, आई. पण त्या आठवड्यात माझा संवाद होता, रोज उद्यावर ढकलत होते. सहा वर्षांतला पहिला. सोडून आलो असतो तर पुन्हा कुणी उभं केलं नसतं.''

आईनं त्याच्या आवाजाकडचं तोंड फिरवलं. मग म्हणाली, ''ज्या बोलन्यापायी बापाला मूठभर माती द्याया आला न्हाईस, ते बोलनं माझ्या कानानं ऐकीन, मगच तुझ्याशी बोलंन. तवर तू मला न्हाईस.''

आणि खरंच बोलली नाही. त्या संवादाचं पिक्चर पैशावाचून अडकलं आणि तीन वर्षं डब्यात पडून राहिलं. बहात्तरच्या दुष्काळात यशया खोकला घेऊन कायमचा घरी आला. आम्ही दोघं भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडायचो. तो रोज निघताना म्हणायचा, ''आई, येतो गं.'' आई भिंतीकडे तोंड करायची. त्याला जेवायला बोलवायचं तरी माझ्याकडून, ''कृपा, त्याला सांग, भाकरी वाढलीया.'' आठ महिने हे चाललं. रात्री दयाला तो सांगायचा, ''दया, पिक्चर एकदा लागू दे. मुंबईत आता टीव्ही निघालाय, तिथंही घेतील. पण ते राहू दे. आधी आई बोलू दे.''

आणि मला काय वाटायचं? मला बरं वाटायचं. जन्मात पहिल्यांदा आई फक्त माझ्याशी बोलत होती.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत मी मिशनच्या कामाला नगरला गेलो, तर ते पिक्चर लागलेलं. एकटाच आत शिरलो. दोन तास कंटाळलो. मग किल्ल्यावर हल्ला झाला आणि पडदाभर आमचा यशया! दाढी लावलेली, कपाळावर रक्त. तोंड उघडून म्हणाला, ''हुज़ूर, क़िले का दरवाज़ा टूट गया. अब ख़ुदा ही हाफ़िज़ है.''

पण आवाज त्याचा नव्हता! कुणा दुसऱ्याचा घोगरा, ढोलासारखा आवाज त्याच्या तोंडात घातलेला. ओठ यशयाचे, बोलणारा भलताच. शेजारच्या माणसानं माझ्याकडे वळून बघितलं, कारण मी मोठ्यानं हसलो होतो.

घरी येऊन हे सांगितलं असतं तर कुणाचं काही गेलं नसतं. मी एवढंच म्हणालो, ''आई, यशयाचं पिक्चर लागलंय. उद्या जाऊ.''

दुसऱ्या दिवशी यशयानं दाढी केली, धुतलेला सदरा घातला. एष्टीत तो आईच्या मागच्या बाकावर बसला आणि सारखा तिचा पदर खिडकीतून आत घेत राहिला. मनकर्णाबाई बरोबर, दया बरोबर. थेटरात आई मधे, तिच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला यशया. आईनं डोक्यावरचा पदर कानामागं खोचला. तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतत होत्या. तीही या दिवसाची वाट बघत होती, हे मला तेव्हा कळलं. पण आता वाट बदलायची माझी तयारी नव्हती.

किल्ला आला. मनकर्णाबाई ओरडली, ''अगं बाई! यशया! बनुबाई, यशया दिसला!''

''गप, ऐकू दे,'' आई म्हणाली.

तो घोगरा आवाज बोलला. संपला. यशया जागेवरून अर्धा उठला आणि तसाच राहिला. त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानंही पिक्चर पहिल्यांदाच बघितलं होतं.

''कुठंय?'' आईनं विचारलं.

''आत्ताच बोलला की!'' मनकर्णाबाई म्हणाली.

''त्यो माझा यशया न्हवं. आंधळीची चेष्टा करताय व्हय गं?'' गावातल्या पोरांनी तिला आयुष्यभर असंच फसवलेलं होतं, हातात गूळ म्हणून दगड दिलेला होता. ती माझ्याकडे वळली. ''कृपा, तू सांग. तू कदी खोटं बोलत न्हाईस. यशया हुता का तिथं?''

यशया आईच्या अंगावरून वाकून माझ्याजवळ आला. ''कृपा, आवाज दुसऱ्याचा घातलाय रे त्यांनी. चेहरा माझा आहे. तू बघितलास ना? सांग ना तिला. तुझ्या पाया पडतो.''

मी म्हणालो, ''न्हाई, आई. त्यो न्हवता.''

दयानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की रक्त आलं. आईनं हळूच माझा हात सोडला आणि तोंडावर पदर घेतला. पिक्चर पुढं चालूच होतं.

बाहेर आल्यावर यशयानं थेटरच्या पायरीवर उभं राहून तोच संवाद म्हटला, स्वतःच्या आवाजात. काय म्हटला म्हणून सांगू! रस्त्यावरची माणसं थांबली, समोरचा पानवाला 'वाहवा' म्हणाला. आई मला म्हणाली, ''हा आवाज आत न्हवता. चल, एष्टी चुकंल.'' आणि ती खरं तेच बोलत होती.

दयानं घरी तिला दोनदा खरं काय ते सांगितलं. आई म्हणाली, ''तुला दिराची कीव येती, म्हनून बोलतीस.'' यशयानं पुन्हा तो विषय काढला नाही. माझ्यावर हातही उचलला नाही. खडी फोडायला मात्र तो दुसऱ्या टोळीत जाऊ लागला.

मे महिन्यात आईला ताप भरला. तीन आठवडे उतरेना. एका दुपारी मी सायकलवर पाथर्डीला औषध आणायला गेलो. परत येऊन सायकल भिंतीला टेकवली, तर चुलीपुढची दया मला बघून दचकली.

''तुम्ही बाहेर कधी आलात? आत्ताच तर आत आईशी बोलत होता.''

''मी? मी पाथर्डीहून येतोय.''

''असं काय करता! मी ऐकलं ना. तुमचाच आवाज. आई म्हणत होत्या, 'कृपा, जवळ बस,' आणि तुम्ही 'व्हय आई' म्हणालात.''

मी आत गेलो. आई गेलेली होती. तिच्या दोन्ही हातांत यशयाचा हात होता आणि तो एकेक बोट सोडवत होता.

''काय म्हणाली?'' मी विचारलं.

त्यानं वर बघितलं आणि माझ्याच आवाजात, माझ्याच घरघरीत आवाजात म्हणाला, ''मला काय विचारतोस? तुझ्याशीच तर बोलली ती.''

संध्याकाळी माती झाली. त्यानं सगळ्यांच्या आधी मूठभर माती टाकली आणि तिथूनच मुंबईची एष्टी धरली. मी फाट्यापर्यंत त्याच्या मागं गेलो. हात जोडले, पाय धरले. ''दादा, एक शब्द सांग. एकच.'' गाडी आली आणि तो चढला. त्यानंतर त्याचं पत्र नाही, काही नाही.

दया सांगते, आई चांगला अर्धा तास बोलत होती आणि मधे एकदा हसलीसुद्धा. माझ्याशी ती सलग एवढं कधीच बोलली नव्हती.