आमच्या घरात मंदी बोलत नसत

१९३० साल. मी अठरा वर्षांचा. शाळा दुसरीत सुटली ती सुटलीच. आमचं वावर नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला. त्या पावसाळ्यात दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, कपाशीच्या कडेला संत्र्याची कलमं लावली होती. उन्हाळ्याआधी विहीर झाली तरच ती जगणार होती. विहिरीचा पैसा म्हणजे घरच्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेला कापूस.

भाव चढेल म्हणून दादा थांबला, आणि थांबता थांबता अमरावतीला वायद्यात शिरला. वायदा म्हणजे पुढच्या मुदतीचा माल आजच्या भावाने घेतो किंवा देतो, असा शब्द. माल कोणी पाहत नाही, भावातला फरक तेवढा चुकवायचा. लोक त्याला जुगार म्हणतात. म्हणोत. ज्याच्या घरी कापूस आहे त्याने नीट केला तर तो जुगार नाही, हे आमच्या दलालानेच सांगितलं होतं. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो.

"घरी माल हाय ना?" चाचा म्हणाले. "मंग वायद्यात बेच. भाव पडला त घरचा घाटा इथं भरून येते. चढला त इथं जाते, घरी येते. तुले झोप त लागन."

"म्हंजे मी मंदी लावू?" दादा म्हणाला. "कपाशीवाल्यानं?"

आमच्याकडे पेरणीपासून माल विकेपर्यंत तो शब्द कोणी उच्चारत नसे. भाव उतरला तरी माय म्हणायची, "भाव निजला." मंदी लावणं, म्हणजे भाव पडेल या बोलीवर वायद्यात विकणं, हा स्वतःच्या वावराला शाप.

"बाप्पा, मुंबईची तार तुया वावराले इचारून नाही येत," चाचा हसले.

"नसन येत. पण माया तोंडून मंदी निघणार नाही. घ्या माया नावानं तेजी."

घरी कापूस तो चढावा म्हणून, आणि वायद्यातही घेतला तो चढावा म्हणून. दोन्ही पाय एकाच फळीवर. हे मला तेव्हाही दिसत होतं, पण थोरल्या भावापुढे बोलायची रीत नव्हती.

आधी भाव थोडा चढला. मग मुंबईहून तारा आल्या त्या उतरत्याच. चाचांनी हात जोडले, "आजच सौदा काप. लहान घाटा हाय." दादा म्हणाला, "स्वस्त झाला त अजून घ्या." असा तो आणखी आत गेला. मुदत भरली तेव्हा फरक चुकवायला खोलीतला सगळा कापूस पडत्या भावात गेला. चाचांनी आपली दलाली सोडली. दादाला तेही लागलं.

त्या संध्याकाळी रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यात बसून तो म्हणाला, "इहीर नाही होत आता."

माय म्हणाली, "पुढच्या साली पाहू."

"पुढच्या साली कलमं कुठं राह्यतीन, माय?"

दादाला लोभी म्हणणारे अजून भेटतात. त्यांच्याशी मी बोलत नाही. पुढे तो अकोल्याला, कापसातली सरकी काढायच्या जिनात हमालीला गेला, तिकडेच संपला.

त्या संध्याकाळनंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी मी कुदळ घेतली. कलमं मातीच्या गड्ड्यांसकट काढली, ओल्या पोत्यात गुंडाळली आणि गाडीत भरून शेजारच्या गावी, विहीर असलेल्या मळेवाल्याच्या दारात उतरवली. तो पैसे देऊ लागला. मी घेतले नाहीत. त्याला फक्त सांगितलं, आजच लाव.