पंचविशीतला चोर

मोतीबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकदा पाहिलेलं तोंड ती जन्मात विसरत नसे. साजगावात एखाद्या पांढऱ्या मिशांच्या माणसाला अडवून ती खुशाल म्हणायची, "तू तोच नव्हं रं, लहानपनी माज्या काकड्या पळवनारा?" आणि बापडा नातवंडांदेखत खाली मान घालायचा. गावातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी तिला लांबून पाहून वाट बदलायची.

अशा बाईच्या दारात मे महिन्यात हवालदार सुनील आणि फार्महाउसवाल्या समिधामॅडम एक कागद घेऊन उभे ठाकले. मॅडमच्या झाडाचे पायरी आंबे कोणीतरी रोज पळवत होतं. एका सकाळी भिंतीवर बसवलेल्या काचांना रक्त लागलेलं सापडलं. साधं माणूस अशा वेळी कुत्रा पाळतं. मॅडमच्या भावाची मुंबईत प्रयोगशाळा होती, म्हणून त्यांनी ते रक्त तिकडे धाडलं. रक्तातल्या डीएनएवरून माणूस दिसायला कसा असेल ते म्हणे सांगता येतं! भावाने आठ दिवसांत सांगितलं: घारे डोळे, कुरळे केस, सावळा रंग. सोबत संगणकाने काढलेलं चोराचं रंगीत चित्र. चित्रात होता हुबेहूब मोतीबाईचा नातू विपुल.

विपुलचं तोंड उतरलं. परवा त्याला मोहोपाड्याच्या कारखान्यात रुजू व्हायचं होतं, आणि पोलिसांचा दाखला अजून हाती यायचा होता.

"माझं रक्त तपासा की," तो म्हणाला.

"तपासू. आठ दिवस लागतील," सुनील म्हणाला. दोन वर्षं चपला झिजवून मिळालेली नोकरी आंब्यापायी जाणार, हे पाहून मोतीबाई पुढे सरसावली.

"आन रं तो कागद." तिने चित्र जवळ धरलं, लांब धरलं. मग का कोण जाणे, तिने पदर सावरला. "हर्षला, खाली बारीक काय लिवलंय गं?"

विपुलच्या बहिणीने वाचलं, "डोळे आणि केस बऱ्याच खात्रीने सांगितले आहेत, चेहरा अंदाजाने. वय तपासलेलं नाही. चित्र पंचवीस वर्षांचं धरून काढलं आहे."

"हां!" मोतीबाई ओटीकडे वळली. तिथे तिचा नवरा नागू, सत्तरीचा, टकला, ढेरपोट्या, खाली मान घालून दोरी वळत होता. उभ्याने. गेले आठ दिवस तो जेवतही उभ्यानेच होता. बांधावरून घसरलो, असं त्याने घरात सांगितलं होतं.

"अवो, बसा की जरा पावन्यांजवळ."

"बरा हाय मी."

"बसा म्हनते ना!"

नागू बसला आणि बोंब ठोकून उठला.

"मॅडम, केस गेले, प्वाट आलं. आता डोळं बगा," मोतीबाई म्हणाली. मॅडमनी पाहिलं. रोज फाटकाशी रामराम घालणाऱ्या म्हाताऱ्याचे डोळे घारे होते, हे त्यांना आज दिसलं.

"झाड मीच लावलं व्हतं," नागू पुटपुटला. "जमीन इकली, पर हिला दुसरा आंबा ग्वाड लागत नाय."

"बाजारातनं आनले म्हनालात की वो!" मोतीबाई गरजली, आणि हसूही तिलाच आवरेना. चोरीचा माल सगळा तिच्याच पोटात गेला होता. सुनील तोंड फिरवून हसत होता. मॅडमनी तक्रार मागे घेतली, फक्त यापुढे फाटकातून या म्हणाल्या.

त्या निघाल्या तशी मोतीबाईने कागद पाठीमागे लपवला.

"ह्यो ऱ्हाऊ द्या. आमच्या लग्नात फोटू नवता काडला. मला बगायला आले तवा असंच दिसत व्हते."

विपुल सोमवारी कामावर रुजू झाला. पहिल्या पगारातून त्याने आजीला चित्राला चौकट करून दिली. ती भिंतीवर लागत असताना नागू खालून ओरडला, "तेवडा हार नको घालू गं. चोर अजून जिता हाय!"