बिशप आमच्या पसंतीचा

सोफे-खुर्च्यांना नवं कापड चढवणारी ती बाई ओठांत बारीक खिळे धरून काम करायची आणि ते न काढताच बोलायची, म्हणून सगळे तिला खिळेताई म्हणत. आई लवकर गेली. धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. तो शिकून फादर झाला, तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं.

भावाची नेमणूक त्यांच्याच चर्चला झाली. गावातला कारखाना बंद पडला तेव्हा तो घरोघर फिरला, नवराबायकोची भांडणं मिटवली, आजाऱ्यांच्या उशाशी बसला. म्हातारे बिशप वारले आणि लोकांच्या मनात त्याचंच नाव आलं. पण बिशप नेमायचा पोपनी. फादर-सिस्टर नसलेल्या साध्या प्रापंचिकांना कोण विचारतो? निवृत्त मास्तर म्हणाले, "लग्न आपल्या घरचं आणि मुलगा पसंत करणार तिसराच." सगळे हसले. हसता हसता ठरलं, की पोपच्या राजदूतांना भेटून आपलं म्हणणं मांडायचं. बोलायला खिळेताई, कारण ती कुणाला भीत नाही.

भावाला कळताच तो तिच्या दुकानात आला. या पदासाठी ज्याची माणसं धडपडतात त्याच्यावर आधी संशय येतो, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि खुर्चीची स्प्रिंग आवळत म्हणाली, "मागतोय आम्ही. तू कशाला घाबरतोस?"

राजदूत मृदू बोलणारे होते. त्यांनी चहा दिला, शांतपणे ऐकलं. खिळेताई छान बोलली. मास्तरांचे डोळे भरून आले. मग राजदूतांनी सहज विचारलं, "फादर तुमचे कोण?"

खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं. शिवाय अभिमानही होता.

"माझा भाऊ," ती म्हणाली. "मीच वाढवलाय."

राजदूतांनी मान डोलावली आणि कप खाली ठेवला.

बिशप म्हणून बाहेरचे एक विद्वान गृहस्थ आले. भावाला कुणी रागावलं नाही, जाबही विचारला नाही. दूरच्या एका शहरात धर्मप्रांताची जुनी कागदपत्रं सांभाळायच्या कामावर त्याची बदली झाली. तिथे त्याच्या वाट्याला ना चर्च, ना माणसं.

निघायच्या दिवशी तो तिच्याकडे जेवायला आला. ताटात घास फिरवत बसला.

"ताई, मला बिशप व्हायचंच नव्हतं गं. मला इथेच म्हातारं व्हायचं होतं."

ती म्हणाली, "मी परत जाते. चूक माझी होती म्हणून सांगते त्यांना."

"नको. आता कुणाला काही सांगू नकोस."

त्यानं हे अगदी मायेनं म्हटलं. चिडला असता तर तिला सोसलं असतं.

नवे बिशप वाईट निघाले नाहीत. लोकांचं ऐकायला त्यांनी प्रापंचिकांची समिती नेमली आणि तिलाही बोलावलं. आपण काहीतरी मिळवलं, असं मास्तर म्हणाले. ती एकदा जाऊन बसली. तिची पाळी आली तेव्हा तिनं नुसती नाही म्हणून मान हलवली.

भाऊ रविवारी फोन करतो. इथल्या कुणाचीच चौकशी करत नाही. ती विचारते, "जेवलास का?" तो हो म्हणतो.